लिलाव साइटवरची सही आणि तज्ज्ञाचं पत्र: माझा अनुभव

परदेशी लिलाव साइटवरून क्रिकेटपटूंच्या सह्या, सामन्यातले चेंडू, जुनी तिकिटं असलं काही मागवत असाल तर एक गोष्ट पहिले सांगतो, कारण तिच्यापायी माझं डोकं अजून तापलेलंच आहे. तक्रार करायची वेळ आली तर ‘बनावट’, ‘नकली’, ‘डुप्लिकेट’ हे शब्द कुठेही लिहायचे नाहीत. कारणांच्या यादीत तर नाहीच, खुलाशाच्या चौकटीतही नाही. ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ एवढंच.

आमचं प्रकरण साधं होतं. नोव्हेंबर २००८ मधल्या जामठ्याच्या (नागपूरच्या स्टेडियमवरच्या) ऑस्ट्रेलिया कसोटीचा, म्हणजे गांगुलीच्या शेवटच्या कसोटीचा फोटो, त्यावर मार्करनं केलेली सही. लिस्टिंगमध्ये, म्हणजे विक्रेत्यानं साइटवर टाकलेल्या वस्तूच्या पानावर, जवळून काढलेले फोटो होते, त्यांत शाईची चमक स्पष्ट दिसत होती. पाकिटातून आला तो त्याच फोटोचा प्रिंट, सहीसकट छापलेला. लिलाव, पेमेंट, कस्टम, पोस्टमन, सगळं सुरळीत. अडलं ते इथून पुढे.

कारण मी ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हेच निवडलं होतं. पण खुलाशात ‘सही छापील, म्हणजे नकली’ असं वाक्य दिसताच तिकडच्या माणसानं तक्रार बनावट मालाच्या खात्यात ढकलली. त्या खात्याचा नियम असा की खरेदीदारानं तज्ज्ञाचं लेखी मत द्यायचं: लेटरहेडवर, नाव, हुद्दा, संपर्क आणि सहीसह, ठरलेल्या मुदतीत. न दिल्यास प्रकरण विक्रेत्याच्या बाजूनं बंद. वाचायला सोपं आहे. नागपुरात बसून हे मत आणायचं कुठून, ते मात्र कुठे लिहिलेलं नसतं.

पहिला पर्याय अमेरिकेतल्या तपासणी कंपन्यांचा. पीएसए, जेएसए, बेकेट ही त्यातली मोठी नावं. वस्तू त्यांच्याकडे पाठवायची, फी भरायची, परत मागवायची. मध्यम किमतीच्या फोटोसाठी जाण्यायेण्याचा खर्चच किमतीच्या वर जातो आणि मुदत तेवढ्यात टळते. दुसरा पर्याय सरकारी. प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आपल्या शहरातच आहे, पण तिथे काम पोलीस किंवा न्यायालयामार्फत जातं. खासगी माणसानं फोटो घेऊन खिडकीवर उभं राहून काही होत नाही. तिसरा पर्याय सिव्हिल लाइन्सला कोर्टाच्या आसपास काम करणारे खासगी हस्ताक्षरतज्ज्ञ. मृत्युपत्रं, चेक, खरेदीखतं ही त्यांची रोजची कामं. ते आधी नमुने मागतात: त्याच माणसाच्या, त्याच काळातल्या, वाद नसलेल्या मूळ सह्या, शक्यतो चारपाच. गांगुलीच्या वाद नसलेल्या पाच सह्या माझ्या घरी असत्या तर मी सहावी कशाला विकत घेतली असती?

आणि हे सगळं जमवलं तरी गाडी चुकीच्या फाट्याला लागते. हस्ताक्षरतज्ज्ञ बघतो अक्षरांची वळणं, जोड, उतार, दाब. छापील सही ही बहुतेक वेळा खऱ्याच सहीची प्रत असते, त्यामुळे वळणं तंतोतंत जुळतात. तज्ज्ञानं फक्त आकारावर मत दिलं तर ‘जुळते’ असं लिहून येईल, आणि ते पत्र विक्रेत्याच्याच कामाचं. वाद सही कुणाची यावर नाहीच, कागदावर पेन टेकला होता की नाही यावर आहे. हे साइटच्या माणसाला पटवायला जो वेळ गेला त्याचा राग अजून उतरलेला नाही. प्रत्येक वेळी नवं नाव, नवा माणूस, आणि उत्तर तेच: कृपया तज्ज्ञाचं पत्र जोडा.

पेन की छपाई, हे सांगणारी माणसं छपाईच्या धंद्यात असतात. ऑफसेट प्रेस चालवणारा किंवा फोटो लॅबवाला एका नजरेत सांगतो. त्याच्या लेटरहेडवर इंग्रजीत चार ओळी पुरतात: मी इतकी वर्षं छपाईच्या व्यवसायात आहे, अमुक लिस्टिंग क्रमांकाची वस्तू मी १० पट भिंगाखाली पाहिली, प्रतिमा आणि सही एकाच इंकजेट छपाईत उतरली आहे, पृष्ठभागावर पेनाची वेगळी शाई नाही. खाली नाव, शिक्का, फोन, तारीख. ‘खरी’, ‘खोटी’ काही लिहायचं नाही. हेच पत्र चाललं, आणि ते सुचलं याचा मला अभिमान आहे हे लपवत नाही. पत्रासोबत साइटला एवढंच लिहिलं: सहीच्या खरेपणाबद्दल माझी तक्रार नाही, लिस्टिंगमध्ये हातानं सही केलेला फोटो दाखवला, आला तो छापील प्रिंट, तक्रार मूळ खात्यात परत न्यावी. मग हलली.

पुरावा कसा तयार करायचा ते नीट सांगतो, कारण पत्राइतकंच वजन फोटोंना आहे. १० पटीचं भिंग इतवारीत सराफा बाजाराच्या आसपास मिळतं, सोनार हिरे बघायला वापरतात तेच. ते डोळ्याला चिकटवायचं आणि वस्तू साधारण अडीच सेंटिमीटरवर आणायची. लांब धरून काही दिसत नाही. इंकजेटच्या छपाईत सहीची काळी रेघसुद्धा निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांची बनलेली असते आणि तिची कड फुटलेली दिसते. मार्करच्या खऱ्या रेघेची कड सलग असते, दोन रेघा एकमेकींवरून जातात तिथे शाई गडद होते, पेन थांबतो तिथे छोटासा साठा राहतो. मग फोटो खिडकीशी तिरपा धरायचा. खऱ्या सहीवर प्रकाश वेगळा चमकतो, कधी जांभळट, कधी तांबूस. छापील सही आजूबाजूच्या कागदाइतकीच चमकते. एक पळवाट लक्षात ठेवा: फोटो लॅबमध्ये रसायनानं धुतलेल्या प्रिंटमध्ये ठिपके नसतातच. तिथे भिंगापेक्षा ही तिरप्या प्रकाशाची परीक्षा कामाला येते. मोबाइलचा कॅमेरा भिंगाला टेकवून ठिपक्यांचा फोटो निघतो, हात मात्र पुस्तकावर टेकवावा लागतो. स्पिरिटचा बोळा फिरवून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. शाई निघो न निघो, वस्तूत बदल केला म्हणून तुमचाच दावा पडतो.

दुसरा पुरावा जागेचा. हातानं केलेली सही प्रत्येक प्रतीवर थोडी वेगळ्या ठिकाणी पडते. लिस्टिंगमधल्या फोटोत सहीचं शेपूट कॉलरला शिवतंय आणि आलेल्या वस्तूत बोटभर खाली आहे, तर दोन्ही चित्रं शेजारीशेजारी लावून गोल करून पाठवा. म्हणून बोली लावण्याआधीच लिस्टिंगचे सगळे फोटो पूर्ण आकारात उतरवून ठेवायचे. लिलाव संपल्यावर ते बदलले किंवा काढले जाऊ शकतात. पाकीट उघडताना न थांबवता एकच व्हिडिओ, सुरुवात पत्त्याच्या लेबलपासून. लेबलवर वजन असतं तेही टिपा. काचेच्या फ्रेमचा दावा आणि वजन ६० ग्रॅम, एवढ्यावर वाद मिटू शकतो.

मुळात लिस्टिंग वाचतानाच अर्धं काम होतं. शीर्षकात ‘आरपी’ दिसलं तर ते रीप्रिंट. ‘फॅक्सिमिली’, ‘प्रीप्रिंटेड’ म्हणजे सही छापलेलीच, आणि हे बहुतेकदा वर्णनाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं. हे लिहिलेलं असेल तर तक्रारीला जागाच राहत नाही. काही ठिकाणी तर ‘चेंडूचा फोटो’ विकायला असतो आणि लोक चेंडू समजून बोली लावतात.

विचित्र वस्तूंबद्दल माझं मत कडक आहे. खेळपट्टीची माती, घामाचा टॉवेल, केस, अर्धवट चघळलेलं च्युइंगम. २०११ मध्ये जस्टिन बीबरच्या केसांच्या बटेला ४०,६६८ डॉलर आले, कारण ती बट त्यानं टीव्हीवरच्या कार्यक्रमाला जाहीरपणे दिली होती आणि लिलाव दानासाठी होता. म्हणजे वस्तू कुठून आली हे सगळ्या जगानं पाहिलं होतं. ‘जामठ्याची माती’ असं लेबल लावलेल्या बाटलीमागे असं काय आहे? तिची किंमत बाटलीएवढी. शिवाय परदेशातून माती आणायला परवानगी लागते, त्यामुळे बाहेरची असेल तर वाटेत अडकणारच.

क्रिकेटच्या बाबतीत आपल्याकडे एक मोठं हत्यार आहे, ते म्हणजे स्कोअरकार्ड. ‘२०११ विश्वविजेत्या संघाच्या सह्यांची बॅट’ आणि त्यावर रोहित शर्माची सही? तो त्या संघात नव्हता. विदर्भाच्या २०१७-१८ च्या रणजी विजयाची बॅट आणि त्यावर करुण नायर? तो विदर्भाकडे आला २०२३ मध्ये, त्याचं विजेतेपद २०२४-२५ चं. नागपूरच्या कसोटीतला चेंडू म्हणून कुकाबुरा कंपनीचा लाल चेंडू दाखवत असतील तर पुढे वाचू नका. भारतातल्या कसोट्या एसजी कंपनीच्या चेंडूनं होतात. वापरलेला चेंडू एका बाजूनं जास्त झिजतो आणि शिवणीत माती बसते. सगळीकडून सारखाच खरवडलेला चेंडू सँडपेपरनं घासलेला असतो. आयसीसीच्या स्पर्धेतल्या जर्सीवर छातीवर देशाचं नाव असतं, प्रायोजक बाहीवर जातो. ‘वर्ल्ड कपमध्ये घातलेली’ म्हणून छातीभर प्रायोजकाचं नाव असलेली जर्सी आली तर ती दुकानातली किंवा दुसऱ्या मालिकेची. १२ मार्च २०११ च्या जामठ्याच्या सामन्याची तिकिटंही फिरतात. प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका आहे ना, सामना दिवसरात्रीचा आहे ना, एवढं तरी बघा.

सी. के. नायडू नागपूरचे, १८९५ चा जन्म, भारताच्या १९३२ च्या पहिल्या कसोटीचे कर्णधार, त्यामुळे त्यांच्या नावाची लिस्टिंग दिसली की आपला माणूस हळवा होतो. ते १९६७ मध्ये गेले. ‘१९३२ च्या दौऱ्यातली सही’ बॉलपेननं असेल तर ती त्या दौऱ्यातली असू शकत नाही, बॉलपेन बाजारात आला चाळीसच्या दशकात. कागदासाठी नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च घ्या, सीताबर्डीला मिळून जातो. कागद उजळ करणारी रसायनं साधारण १९५० नंतर वापरात आली, म्हणून तीसच्या दशकातला म्हणवणारा कागद टॉर्चखाली निळाशार झळकला तर शंका पक्की.

सर्टिफिकेटवर विसंबू नका. नव्वदच्या दशकात एफबीआयनं ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये खोट्या सह्यांची टोळी पकडली, तिच्याकडे सर्टिफिकेटंही खोटीच होती. विक्रेत्यानं स्वतः छापलेली आजीवन हमी म्हणजे रद्दी. मोठ्या कंपनीचा क्रमांक असेल तर कार्डावरचा क्यूआर स्कॅन न करता कंपनीच्या साइटवर जाऊन हातानं टाका, आणि तिथलं वर्णन हातातल्या वस्तूशी जुळतं का बघा. एकच खरा क्रमांक चार वेगळ्या वस्तूंवर चिकटवलेला असू शकतो. एकाच खेळाडूच्या दोन सह्या एकमेकींवर ठेवून तंतोतंत बसल्या तर त्या यंत्राच्या. माणूस दोनदा अगदी सारखी सही करत नाही.

पैसे क्रेडिट कार्डानं आणि साइटच्या आतच द्या. साइटनं नाही म्हटलं तरी बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरचे पैसे परत, मागता येतो. कुणाच्या खात्यावर यूपीआय केलं तर ती वाट बंद. कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्या, नाहीतर शेवटच्या मिनिटाला बोली जिंकून पेमेंट अडतं. ‘पहिला बोलीदार मागे हटला, वस्तू तुम्हाला देतो’ असा ईमेल आला तर साइटच्या आतल्या निरोपपेटीत तोच निरोप आहे का बघा. नसेल तर फसवणूक. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, तासभरसुद्धा थांबू नये.

‘गिफ्ट म्हणून पाठवतो, कस्टम लागणार नाही’ असं विक्रेता सांगेल. भेटवस्तूंची ती सूट डिसेंबर २०१९ मध्ये गेली. भरलेली ड्युटी साइटच्या परताव्यात येत नाही, ती किमतीतच धरा. भारतात कार्यालय असलेल्या साइटला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. नाही दिला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, मग ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रारीसाठी ई-जागृती पोर्टल. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी नाही, आणि तक्रार नागपुरातच दाखल होते.

वस्तू परत पाठवायला सांगितली तर जीपीओतून ट्रॅकिंग असलेल्या सेवेनंच पाठवा. कस्टमच्या फॉर्मवर ‘परत पाठवलेला छापील फोटो’ असं लिहा. पत्ता फक्त साइटच्या परतीच्या पानावर दिसतो तोच. विक्रेता निरोपातून दुसरा पत्ता देतो, पार्सल तिथे पोचतं, आणि साइटच्या नोंदीत ते कधी पोचतच नाही.