फिश फाइंडरमधले खोटे मासे

गणपती झाल्यावर हौसेने फिश फाइंडर घेतला, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली आणि मासे दाखवणारं मशीन, पाच इंची स्क्रीनवाला, आणि पहिल्याच रविवारी मामाच्या होडीला लावून गोव्यातल्या शापोरा नदीत उतरलो, शिवोली-चोपडे पुलाच्या जरा वर. चालू केला तर खाली साठ फूट पाणी आणि मासेच मासे! मामाने बांबू सोडला, तो नऊ-दहा फुटांवर चिखलात रुतला. बोलला काही नाही, माझ्याकडे बघितलं फक्त. मशीन डेमो मोडवर होतं हो, दुकानात दाखवायला असतो तो, आणि आम्ही अर्धा तास त्या खोट्या माशांवर गरी टाकून बसलेलो.

डेमो बंद केला तरी खोटे मासे संपले नाहीत, कारण फिश आयडी चालू होतं. त्यात मशीन प्रत्येक प्रतिध्वनीला माशाचं चित्र चिकटवतं, मग तो पाला असो नाहीतर बुडबुडे, आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाण्यातनं काय काय वाहत येतं ते नदीकाठच्यांना सांगायला नको. पहिलं ते बंद करा. मग कमानी दिसतात. मशीनचा आवाज खाली शंकूसारखा पसरत जातो, मासा त्या शंकूत शिरताना लांब असतो, मधे आला की जवळ, जाताना परत लांब, म्हणून कमान. पण हे होडी चालत असताना हां, नांगर टाकून बसलात आणि मासा खाली थांबला तर कमान नाही, लांबच लांब रेघ येते. मी दोन रविवार कमानीची वाट बघत रेघांवर बसून होतो 🙂

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती बारीक प्रतिध्वनी दाखवायचा ते, ऑटोवर ठेवली तर आमच्या गढूळ पाण्यात कधी सगळंच गायब, कधी सगळी स्क्रीन ठिपक्यांनी भरलेली. मी आता हाताने वाढवतो, ठिपके यायला लागले की थोडी मागे आणतो, आणि मग शिसं बांधलेली दोरी ट्रान्सड्युसरच्या (पाण्यात आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग) अगदी बाजूने खाली सोडतो. शिसं उतरतानाची तिरकी रेघ दिसली पाहिजे, नाही दिसली तर मासा काय दिसणार. पण दोरी लांब गेली तर नाही दिसत, कारण 200 किलोहर्ट्झच्या आवाजाचा शंकू साधारण 20 अंशांचा, म्हणजे चार मीटर पाण्यात तळाला जेमतेम दीड मीटरचं वर्तुळ. 83 किलोहर्ट्झला ते रुंद होतं पण बारकावे जातात, पुलाच्या खांबापाशी तर खांबच मधे मधे येतो. उथळ नदीत मला 200 च बरं वाटतं.

आणि मामाला समजावताना माझंच डोकं फिरलं ती गोष्ट म्हणजे स्क्रीनची उजवी कड. आत्ता खाली काय आहे ते फक्त तिथे, बाकी सगळं होऊन गेलेलं. तो डावीकडच्या कमानीवर बोट ठेवून “हय असा मरे!” म्हणायचा आणि मी म्हणायचो, मामा, तो गेला.

परवा मात्र तळाच्या जरा वर जाड रेघ, हलेना. सुंगट (कोळंबी) लावून गरी सोडली, तिची रेघ खाली त्या रेघेपर्यंत गेलेली दोघांनी बघितली, चोणक चोणक (इथला मानाचा मासा) म्हणून मामा नाचायचा बाकी, आणि वर काय आलं, शिंगाळा, तो मिशावाला काटेरी मासा. काटा सांभाळत गरी सोडवताना मामा म्हणतो, “ह्याचं चित्र नाय काय रे तुझ्या मशीनवर?”