समुपदेशकाची मान्यता आणि एका सहीपाशी अडलेली फाइल : माझा अनुभव

व्यावसायिक समुपदेशक म्हणून मान्यता मिळवायची तर एक जाडजूड फाइल सादर करावी लागते. कामाचे तास, सुपरव्हायझरचं (आपल्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या अनुभवी समुपदेशकाचं) पत्र, प्रमाणपत्रं हे सगळं माझं पहिल्याच फेरीत मान्य झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते ‘चिंतनशील आणि नैतिक कार्यपद्धती’ या भागात, आणि तेही केस स्टडीवरच्या एका सहीपाशी. ज्या पद्धतीने अडवलं गेलं त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही. पण या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला हा खड्डा लागणार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

या भागात तीन गोष्टी मागतात : चिंतनाच्या नोंदी, एक पूर्ण केस स्टडी, आणि प्रत्यक्ष कामात आलेल्या एखाद्या नैतिक पेचाचं विवेचन. केस स्टडीसाठी मी जिच्याबरोबरचं काम निवडलं होतं, तिची सेशन्स रीतसर संपली होती. शेवट आम्ही दोघींनी मिळून ठरवलेला होता. सुरुवातीच्या संमतीपत्रावर तिची सही होती : ओळख उघड न करता सुपरव्हिजन आणि प्रशिक्षणासाठी वापर चालेल. तिच्याबद्दल इथे याहून जास्त लिहिणार नाही.

मान्यता देणाऱ्या समितीच्या कार्यालयाकडून फाइल परत आली. शेरा होता : ‘मूल्यमापनासाठी स्वतंत्र संमतीपत्र आवश्यक. संबंधित क्लायंटशी संपर्क साधून सही घ्यावी.’

पहिल्या वाक्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रशिक्षणासाठी दिलेली संमती मूल्यमापनाला चालते असं गृहीत धरू नये, हे बरोबरच आहे. दुसऱ्या वाक्याने मात्र मी हादरले. काम संपलेल्या क्लायंटला समुपदेशकाने आपणहून फोन करायचा, आणि तोही स्वतःच्या अर्जासाठी? मी कार्यालयाला लिहून विचारलं की यात नैतिक अडचण आहे असं समितीला वाटत नाही का. उत्तरात तेच वाक्य आलं. फोन केला, तर पलीकडून नियम वाचून दाखवला गेला. ‘सही असली की झालं, मॅडम. सगळे आणतात.’ सगळे आणतात, हेच तर मला टोचत होतं.

मला का जायचं नव्हतं ते सांगते, कारण नेमकं हेच पुढे कागदावर मांडावं लागलं. शेवटच्या सेशनमध्ये आमचं ठरलं होतं की पुन्हा गरज वाटली तर ती संपर्क करेल, मी करणार नाही. हा शब्द म्हणजे कामाचाच एक भाग असतो. माणूस त्यावर विसंबून आपलं आयुष्य पुढे नेतो. दुसरं म्हणजे, फोन घरात कुणीही उचलू शकतं, आणि तिथे समुपदेशनाची गोष्ट कुणाला माहीतही नसेल. तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. ज्या माणसाला आपल्याकडून मदत मिळाली आहे, त्याला आपल्याला ‘नाही’ म्हणणं अवघड जातं. कृतज्ञतेपोटी केलेली सही कागदावर संमती दिसते, पण तिच्यात मोकळेपणा किती आहे हे ना मला कळणार, ना समितीला.

मग एक सोपी वाट सुचवली गेली. एका सहकारी मैत्रिणीचं म्हणणं असं की तपशील इतके बदल की केस ओळखूच येणार नाही, आणि मग संमतीची गरज नाही असा कार्यालयाशी वाद घाल. मी यावर खरंच विचार केला. पण आपल्या व्यवसायाच्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण याच्या विरोधात उभं आहे. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी 1900 मध्ये एका तरुणीवर काही आठवडे उपचार केले आणि 1905 मध्ये ‘डोरा’ या नावाने तिची केस छापली. तिची परवानगी घेतली नव्हती. हे लिखाण चुकून तिच्या हाती पडलं तर तिला वेदना होतील, हे त्यांनी प्रस्तावनेत स्वतःच लिहिलं आहे. पुढे 1922 मध्ये फेलिक्स डॉइच या डॉक्टरांना ती पेशंट म्हणून भेटली, तेव्हा ती डोरा म्हणजे मीच हे तिला ठाऊक होतं. नाव बदललं म्हणून जिची गोष्ट आहे तिच्यापासून ती लपत नाही. बाकी जगाने ओळखलं नाही तरी तिने ओळखलेलं असतं.

म्हणजे विचारायला जायचं नाही, आणि न विचारता वापरायचंही नाही. इथे मी बरेच दिवस अडकून होते.

सुपरव्हिजनमध्ये मी हे सगळं तावातावाने मांडलं. कार्यालय, नियम, तो फोन, सगळं. माझ्या सुपरव्हायझर मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, ‘समजा गेलीस सही मागायला. तर कुणासाठी जाशील?’ मी म्हटलं, ‘माझ्यासाठी.’ त्या म्हणाल्या, ‘मग हेच लिही. कार्यालयावर नंतर लिही.’

घरी आल्यावर मी कॅरेन किचनर यांची नैतिक तत्त्वं समोर ठेवून बसले. वैद्यकीय नीतिशास्त्रात बोशां आणि चिल्ड्रेस यांनी 1979 मध्ये मांडलेल्या चार तत्त्वांना, म्हणजे स्वायत्तता, हित, अपाय न करणं आणि न्याय यांना, किचनर यांनी 1984 मध्ये समुपदेशनाच्या क्षेत्रासाठी पाचवं तत्त्व जोडलं : निष्ठा, म्हणजे दिलेल्या शब्दाला जागणं. ही यादी परीक्षेसाठी सगळ्यांनाच पाठ असते. ती एका खऱ्या प्रसंगावर लावून पाहिली की तत्त्वं एकमेकांशी भांडायला लागतात. माझ्या प्रकरणात स्वायत्तता म्हणत होती : तिची गोष्ट आहे, तर तिला विचारलंच पाहिजे. निष्ठा म्हणत होती : संपर्क करणार नाहीस असा शब्द दिला आहेस. अपाय टाळायचा तर दार ठोठावायलाच नको. आणि हित कुणाचं होणार होतं? माझं. तिच्या पारड्यात काहीच पडत नव्हतं. एवढं लिहून झाल्यावर निर्णय समोर दिसला. केस मागे घ्यायची.

कित्येक महिन्यांचं लिखाण बाजूला ठेवताना वाईट वाटलं. ते चांगलं लिहिलं होतं. पण निर्णयाबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही अभिमानच आहे.

समितीला मी एक पानाचं निवेदन पाठवलं. मी कोणते पर्याय पाहिले, प्रत्येकाचा परिणाम कुणावर झाला असता, कुणाशी सल्लामसलत केली, आणि शेवटी काय ठरवलं, एवढंच. कार्यालयाबद्दलची तक्रार वेगळ्या पत्रात लिहिली. हे वेगळं ठेवणं फार महत्त्वाचं आहे. एकाच कागदावर दोन्ही आलं असतं तर वाचणाऱ्याला फक्त राग दिसला असता.

नवी केस चालू कामातून घेतली. संमती कशी मागायची याला मी या वेळी पुरेसा वेळ दिला. सेशन संपून माणूस पिशवी उचलत असताना कागद पुढे करू नये. सेशनच्या सुरुवातीला विषय काढावा, कागद घरी न्यायला द्यावा, आणि त्याच दिवशी सही घेऊच नये. कोण वाचणार, किती दिवस ठेवणार, काय वगळणार, कोणत्या तारखेपर्यंत माघार घेता येईल हे स्पष्ट लिहावं. नकार दिला तर आपल्या कामात काहीही बदलणार नाही हे तोंडाने सांगावं, आणि ते खरं करून दाखवावं. मी ज्यांना विचारलं त्यांतल्या एकाने शांतपणे ‘नको’ म्हटलं. पुढच्या सेशनला तो वेळेवर आला आणि नेहमीसारखा बोलला. मला त्या नकाराने हायसं वाटलं.

ज्या क्लायंटने होकार दिला, तिच्या बोलण्यात नंतर फरक पडला. ती जरा नीटनेटकं बोलू लागली. गोष्टीला सुरुवात, मध्य, शेवट. आपल्यावर कुणी लिहिणार आहे हे कळलं की माणूस असा सावरून बसतो. मी तिला ते विचारलं. ती हसली आणि म्हणाली, ‘तुमचा निबंध चांगला व्हावा असं वाटतं.’ त्या वाक्यावर आम्ही बराच वेळ बोललो, कारण दुसऱ्याचं काम चांगलं व्हावं म्हणून स्वतःला आवरणं हे तिच्या बाकीच्या आयुष्याशीही जोडलेलं निघालं. हे वाक्य छापायचं का, हेही तिला विचारलं आहे. फाइलमध्येही आहे आणि इथेही, तिच्या परवानगीने.

आता चिंतनाच्या नोंदींबद्दल, कारण त्यातही पुष्कळ जण अडकतात. बहुतेकांना गिब्ज यांचं 1988 चं चिंतनाचं चक्र शिकवलेलं असतं : वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. चक्र चांगलं आहे, पण सहा रकाने भरले की चिंतन झालं असं वाटायला लागतं. मॅडम अशा नोंदीवर पेन्सिलने खूण करायच्या. ‘क्लायंट शांत होता. मी सक्रिय श्रवण केले. क्लायंटला मोकळे वाटले.’ यातल्या शेवटच्या वाक्याखाली रेघ, आणि बाजूला : ‘हे तुला कुणी सांगितलं?’

त्याच सेशनबद्दलची, त्याच संध्याकाळी खरडलेली माझीच दुसरी नोंद अशी होती : ‘तो गप्प झाला. माझा हात पाण्याच्या ग्लासाकडे गेला. तहान नव्हती. शांतता मला सहन होत नव्हती, त्याला होत होती. ग्लास खाली ठेवला आणि थांबले. मग तो वडिलांबद्दल बोलला.’ फाइलमध्ये ही गेली. डोनाल्ड शॉन यांनी 1983 मध्ये कृती करताना होणारं चिंतन आणि कृतीनंतरचं चिंतन असा फरक केला होता. ग्लास खाली ठेवणं हे पहिलं, आणि ही नोंद म्हणजे दुसरं. हा फरक व्याख्येने समजावण्यापेक्षा असा एक प्रसंग दिला की मूल्यमापन करणाऱ्याला लगेच कळतं. नोंदी त्याच दिवशी लिहा. आठवड्याने लिहिलेल्या नोंदीत आपण फार शहाणे दिसतो.

तोंडी परीक्षेत मला केस स्टडीवर मोजकेच प्रश्न आले. बराचसा वेळ त्या एक पानाच्या निवेदनावर गेला. एका परीक्षकांनी विचारलं की त्या पहिल्या क्लायंटने आपणहून फोन केला असता तर मी सही मागितली असती का. मी म्हटलं, त्या फोनवर नाही. ती ज्या कारणासाठी फोन करेल ते आधी. त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. मान्यतेचं पत्र आलं तेव्हा मी ते मॅडमना वाचून दाखवलं.

माझ्या तक्रारीच्या पत्राला मात्र उत्तर आलं नाही. फॉर्मवर तेच वाक्य अजून छापलेलं आहे. ‘काम संपलेल्या क्लायंटशी यासाठी संपर्क करू नये, दुसरी केस निवडावी’ एवढी एक ओळ घालायला काय लागतं? नव्याने अर्ज करणारे दर वर्षी त्याच वाक्यापाशी येणार. त्यातले काही जण फोन करणार, आणि पलीकडचं माणूस भिडेपोटी हो म्हणणार.

तोवर आपल्या हातात आहे ते करा. पहिल्याच भेटीच्या करारात सुपरव्हिजन, प्रशिक्षण, मूल्यमापन आणि प्रकाशन असे चार वेगळे चौकोन ठेवा, आणि एकाला हो म्हणून दुसऱ्याला नाही म्हणता येतं हे सांगा. काम संपण्याच्या दोन-तीन सेशन आधी तोच कागद पुन्हा एकदा दोघांनी मिळून वाचा, कारण सुरुवातीला हो म्हणणारा माणूस तोवर बदललेला असतो. कार्यालयाशी फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी ईमेलने लिहून कळवा. आणि सेशनचं रेकॉर्डिंग दिलं असेल तर निकालानंतर ते ठरल्या तारखेला पुसा, फोनमधून, लॅपटॉपमधून आणि बॅकअपमधूनही, आणि पुसल्याचं क्लायंटला कळवायचं की नाही हे आधीच त्यांनाच विचारून ठेवा.