भिजलेली पऱ्हाटी

आम्ही पऱ्हाटीचं, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या काड्यांचं, तेल करतो. अवकाळीत भिजून काळी पडलेली पऱ्हाटी परत पाठवायची, हा आमच्या खरेदीवाल्यांचा नियम. त्या दिवशी यार्डात दुसरा माल नव्हता आणि रिअॅक्टरमध्ये नुकताच नवा उत्प्रेरक भरलेला. ट्रॅक्टरवाले काका म्हणाले, "घ्या साहेब, नाई त धुऱ्यावर जाळून टाकतो." घेतली, वाळवली, भुकटी केली.

काडीकचरा वरून टाकला की खालून डिझेल येतं, असं बघायला येणाऱ्यांना वाटतं. हवा न लागू देता साधारण 500 अंशांवर भुकटीची वाफ करायची आणि दोनेक सेकंदांत ती थंड करायची. नुसतं एवढंच केलं तर आंबट, धुरकट वासाचं काळं पाणचट तेल मिळतं. त्यात वजनाच्या 35 ते 40 टक्के ऑक्सिजन, उष्मांक डिझेलच्या निम्म्याहून कमी. झेडएसएम-5 हा उत्प्रेरक घातला की हा ऑक्सिजन पाणी आणि कार्बनचे वायू होऊन निघतो, तेल पाण्यावेगळं होतं, थिनरचा वास सुटतो. रिपोर्ट यायच्या आधी मी नाकानंच सांगतो. (तेल कमी भरतं, ते मात्र पाहुण्यांना कुणी सांगत नाही.)

उत्प्रेरकावर काजळी चढते. ती गरम हवेत जाळली की तो पुन्हा पांढरा. पण पऱ्हाटीतलं पोटॅशियम जळत नाही. ते उत्प्रेरकाच्या आम्लजागांवर, म्हणजे जिथं ही क्रिया घडते तिथंच, ठाण मांडतं. म्हणून पांढराशुभ्र दिसणारा उत्प्रेरकही आमच्याकडे लवकरच मेलेला असायचा आणि शिव्या पुरवठादाराला.

या मालावर मात्र काजळी जाळून पुन्हा सुरू केलं, तरी थिनरचा वास टिकून. राख तपासली तर पोटॅशियम नेहमीपेक्षा बरंच कमी! पावसानं धुऊन नेलं होतं. डेन्मार्कची वीजकेंद्रं बॉयलरसाठी पावसात करडा झालेला पेंढाच बरा मानतात. हे वाचलं मीही होतं. पण आमच्या दरपत्रकात रकाना ओलाव्याचा, राखेचा नाहीच. तो घाला म्हटलं तर उत्तर आलं, "मग शेतकरी मुद्दाम भिजवून आणतील." आणू देत की! फक्त किती पाऊस पुरतो आणि बुरशीनं काय खाल्लं, हे मला अजून सुटलेलं नाही.

सध्या एका ढिगावर पाइप सोडून खालून निथळणाऱ्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) मोजतोय; किती क्षार धुऊन निघाले ते त्यावरून कळतं. पाणी टँकरचं, त्यामुळे खरेदीवाले जेवायला गेले की.