दगडी पाला लावायचा का?

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सकाळी कुणी ना कुणी घसरतंच. ढोपर खरचटलं की लगेच मला विचारतात, "काका, तो दगडी पाला लावू का? आमच्या गावी लावायचे."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: लावा, पण नुसतं खरचटलं असेल तरच.

दगडी पाला म्हणजे एकदांडी. कुणी कंबरमोडी म्हणतं. ती बघायला टेकडी चढायचीही गरज नाही. फुटपाथच्या फटीत, पार्किंगच्या कडेला, गच्चीतल्या कुंडीत, कुठेही येते. जमिनीलगत पसरलेला दातेरी, खरखरीत पाला, त्यातून वर आलेला वीतभर लांब दांडा आणि टोकाला एकच फूल. मधे पिवळं, कडेला चार-पाच फिकट पाकळ्या, प्रत्येक पाकळीला तीन दाते. हे दाते बघून घ्या, मग घोटाळा होत नाही.

कोवळी पानं घ्यायची, कुत्र्यांच्या वाटेवरची नकोत. बाटलीतल्या पाण्यानं धुवायची आणि तळहातावर चोळायची. पानावर लव असते, त्यामुळे आधी नुसता चोथाच हाताला लागतो. मग हिरवा-काळपट रस सुटतो. तो जखमेवर पिळला की चांगलंच चुरचुरतं, आणि बारीकसं रक्त थांबतं. विळा लागला की शेतात हेच करतात. जखम भरण्यावर उंदरांवर प्रयोग झालेत, त्यांतही याच्या अर्काचा उपयोग दिसलाय.

"हजारो वर्षांचं आयुर्वेदिक औषध" असं मात्र कुणी म्हणालं की मला राहवत नाही. ही मूळची अमेरिका खंडातली, मेक्सिकोच्या बाजूची. लिनिअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं 1753 साली तिला शास्त्रीय नाव दिलं. कोलंबसाच्या आधी ती आपल्याकडे नव्हतीच, मग चरक-सुश्रुतांना कुठून दिसणार? आपल्या लोकांनी हे परकं तण बांधावर पाहिलं, लावून बघितलं आणि गुण आला म्हणून ठेवलं. मला तर ही गोष्ट जास्त कौतुकाची वाटते. (तिकडे अमेरिकी सरकारनं तिला उपद्रवी तणांच्या यादीत टाकलंय. आपल्याकडे काही जण ती माका म्हणून खपवतात.)

गाजरगवत याच कुळातलं. 1956 साली भारतात त्याची नोंद झाली ती आपल्या पुण्यातूनच. त्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी एकदांडीच्याही वाटेला जाऊ नये.

खिळा घुसला, जखम खोल असली किंवा आत माती गेली, तर पाला शोधत बसू नका. वाहत्या पाण्याखाली धुवा आणि डॉक्टरकडे जा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं तेच बघतील. वरून पाला कोंबला तर उलट आणखी घाण आत जाते.

याच्या पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो: "शुगरसाठी रस प्यायला तर?" नको. उंदरांची साखर उतरल्याचे निकाल आहेत, पण तिथे मोजून अर्क देतात. तुम्ही मिक्सरमधे मूठभर पाला फिरवणार, आणि गोळ्या चालू असणार त्या वेगळ्याच. दोन्ही मिळून साखर किती खाली जाईल, हे मी टेकडीवर उभा राहून कसं सांगू?