कोजागिरीच्या दिवशी चिनीचा तास

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५
एडिसन, न्यू जर्सी

आज लाओशींनी प्रत्येकाच्या हातात कागदाची एकेक पट्टी दिली. (चिनी शिकवणाऱ्या बाईंना आम्ही लाओशीच म्हणतो. बाकी सगळ्या शिक्षिका मिस अमुक, मिस तमुक.) पट्टी ओठांसमोर धरायची आणि पिनयिनमधला (पिनयिन म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेली चिनी) पी आणि बी म्हणून बघायचा. पी म्हणताना पट्टी हलली पाहिजे, बी म्हणताना जागची हलता कामा नये. निम्मा वर्ग फू फू करत बसला. माझी पट्टी पहिल्याच फटक्यात शहाण्यासारखी वागली, कारण हा तर आपला फ आणि प. डी-टी म्हणजे जवळजवळ त-थ, जी-के म्हणजे क-ख. डोंबिवलीला बालवाडीत जे कोरसमध्ये ओरडलो तेच.

पिनयिन १९५८ मध्ये चीन सरकारने मंजूर केलं. अक्षरं रोमन घेतली, पण त्यांना उच्चार स्वतःचे लावले. इथल्या मुलांची पंचाईत ती होते, कारण त्यांना अक्षर दिसलं की इंग्रजी उच्चारच ऐकू येतो. बातम्यांमध्ये 'बीजिंग' म्हणतात. लाओशी म्हणतात ते पेइचिंगच्या जास्त जवळ आहे. मी तर वहीत पिनयिनच्या डोक्यावर पेन्सिलने देवनागरी लिहिते. झेड आणि जे यांत वर्ग सतत गोंधळतो. माझ्यासाठी झेड म्हणजे चाकातला च आणि जे म्हणजे चहातला च. क्यू म्हणजे छ. जीभ मागे वळवून म्हणायचा आणखी एक च आहे, त्याला मात्र मराठीत जागा नाही, तो कानानेच शिकावा लागतोय.

पण सुरांपुढे मराठीचं काही चालत नाही. चार सूर, शिवाय एक बिनसुराचा. 'मा'चा सूर चुकला की आईचा घोडा होतो, हा विनोद सगळेच करतात, म्हणून मी करणार नाही. खरी अडचण दुकानात व्हायची: 'माइ' खालच्या, तिसऱ्या सुरात म्हटलं तर विकत घेणं, वरून खाली आपटणाऱ्या चौथ्या सुरात म्हटलं तर विकणं. त्यात तिसरे सूर दोन लागोपाठ आले की त्यांतला आधीचा बदलून दुसऱ्या सुरात जातो. म्हणजे 'नी हाओ'सुद्धा पुस्तकात लिहिलंय तसं बोलत नाहीत. पहिल्याच धड्यातला पहिलाच शब्द!

व्याकरण ऐकून मात्र बाबा म्हणाले, तुझं नशीब थोर आहे. क्रियापद चालवायचं नाही, लिंग नाही. प्रश्न करायचा तर वाक्याच्या शेवटी 'मा' लावायचा, आपण 'का' लावतो तसा. 'नी लाइ मा?' – तू येतोस का? स्पॅनिश घेतलेल्या माझ्या मैत्रिणी क्रियापदांचे तक्ते पाठ करत बसल्यात. संख्या तर अन्याय वाटावा इतक्या सोप्या. अकरा म्हणजे दहा-एक, एकोणसत्तर म्हणजे सहा-दहा-नऊ. माझ्या भावाला अजून एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांतला फरक चटकन सांगता येत नाही, तो चिनीत शंभरपर्यंत एका संध्याकाळी मोजायला शिकला. मोठे आकडे मात्र दहा हजारांच्या गठ्ठ्यांत मोजतात. त्या गठ्ठ्याला 'वान' म्हणतात, तेव्हा एक लाख म्हणजे दहा वान. मिलियनमधून वानमध्ये जाण्यापेक्षा मला लाखातून जाणं सोपं पडतं.

सध्या 'कुटुंब' हा धडा चालू आहे आणि गुरुवारी वंशवृक्ष काढून न्यायचा आहे. लाओशींनी फळ्यावर नाती लिहायला सुरुवात केली तेव्हा वर्गात कण्हण्याचे आवाज आले. अंकल हा एकच शब्द घेऊन आलेल्यांना काका वेगळा, मामा वेगळा हे जड जाणारच. आत्या म्हणजे कूकू, मावशी म्हणजे ईमा, आणि मामा म्हणजे चिऊचिऊ. हे ऐकून भाऊ पलंगावर लोळून हसला आणि त्याने लगेच पुण्याच्या मामाला तसा मेसेजही पाठवला.

गंमत अशी की कुठे ते आपल्यापुढे जातात, तर कुठे आपण त्यांच्या. बाबांचा मोठा भाऊ पोपो, धाकटा शूशू. आपण दोघांनाही काका म्हणून मोकळे. पण चुलतभाऊ सोडला तर त्यांच्याकडे मामेभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ सगळे एकाच 'पिआओ'त. का, तर चुलत भावंडांचं आडनाव आपलंच, बाकीच्यांचं दुसरं. हे कारण लाओशींनी सांगितलं तेव्हा आपल्याकडेही मूळ हिशेब तोच असणार असं वाटलं.

लाओशी बेजिंगकडच्या, त्यामुळे 'आपण' आणि 'आम्ही' हा भेदही त्यांच्या बोलण्यात आहे. समोरच्याला धरून 'त्सानमन', वगळून किंवा सरसकट 'वोमन'. मला एकही उदाहरण लागलं नाही. दोन्हींना 'वी' म्हणणाऱ्या मागच्या बाकावरच्या मुलाला पाच उदाहरणांनंतरही ते पटलेलं नव्हतं.

आज त्यांचा चुंगछिऊ, म्हणजे आठव्या चांद्रमहिन्याची पौर्णिमा, आणि फ्रिजवरच्या कालनिर्णयात कोजागिरी. असं दरवर्षी होत नाही. बहुतेक वर्षी त्यांचा हा सण आपल्या भाद्रपदातल्या पौर्णिमेला येतो. गेल्या वर्षी तो १७ सप्टेंबरला होता आणि कोजागिरी पुढच्या महिन्यात. यंदा त्यांनी सहावा महिना अधिक धरला; आपला अधिक श्रावण २०२३ मध्येच होऊन गेला. बाबांनी जेवताना कागदावर आकृती काढून दाखवली: नियम दोघांचा सारखाच, ज्या महिन्यात सूर्याचं संक्रमण नाही तो अधिक, पण ते सायन, म्हणजे ऋतूंच्या हिशेबाने मोजतात आणि आपण निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या, म्हणून महिने वेगळे निघतात. पुढच्या वर्षी आपल्याकडे अधिक ज्येष्ठ आहे, तेव्हा दोन पौर्णिमा पुन्हा वेगळ्या होतील.

माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने मूनकेक, म्हणजे या सणाचा केक, आणला होता. तिच्या घरी कँटोनीज, म्हणजे दक्षिणेकडची चिनी बोलतात, त्यामुळे ती मँडरिनच्या, म्हणजे आम्ही शिकतो त्या चिनीच्या वर्गात माझ्याइतकीच नवखी आहे. अक्षरं मात्र तिला आधीच थोडी येतात, आणि हे तिला कुणी विचारलेलं आवडत नाही. केकच्या आत कमळबियांचं गोड सारण आणि मधोमध खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक, तो चंद्र. आईने 'आत काय आहे' विचारलं, मी सांगितलं, आणि केक बाबांच्या ताटलीत गेला. आम्ही मसाला दूध घेतलं. चंद्रावर ससा त्यांनाही दिसतो, फक्त त्यांचा ससा औषध कुटतो. २०१३ मध्ये चंद्रावर उतरवलेल्या त्यांच्या गाडीचं नावच 'युथू', म्हणजे जेड ससा.

आता वंशवृक्ष. बाबांच्या चुलत्यांपैकी दोघांत मोठं कोण हे बाबांनाच नक्की माहीत नाही, दोघंही 'अण्णा' आणि 'नाना' म्हणूनच ओळखले जातात. डोंबिवलीत एव्हाना सकाळ झाली असेल, आजीचा चहा झाल्यावर फोन करते. तोवर उद्याच्या तिंगश्येसाठी, म्हणजे श्रुतलेखनासाठी, चौकोनांच्या वहीत दोन पानं गिरवायची आहेत.