लकव्यानंतरचा हात: आधी खांदा जपा, मग बोटं उघडा

लकव्याचा झटका येऊन गेला की घरच्यांचं सगळं लक्ष पायाकडे लागतं. माणूस पुन्हा चालेल का, हाच प्रश्न. तो रास्त आहे, आणि पाय बहुधा हातापेक्षा लवकर सावरतोही. पण त्या धांदलीत हात मागे पडतो. त्याहून वाईट म्हणजे रुग्णाला उठवताना, सरकवताना, कूस बदलताना हाच लुळा हात धरून ओढला जातो. हाताची ताकद जाते ती मेंदूतल्या इजेमुळे. खांदा दुखायला लागतो तो मात्र पुष्कळदा नंतरच्या हाताळणीमुळे. आणि दुखरा खांदा असलेला माणूस हाताचा व्यायाम करत नाही. म्हणून सुरुवात खांद्यापासून.

खांद्याची खोबण उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात टिकतो तो भोवतीच्या स्नायूंच्या पकडीमुळे. लकव्यानंतर सुरुवातीला हे स्नायू सैल पडतात आणि सबंध हाताचा भार सांध्याच्या आवरणावर लटकतो. हाताचं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण 5 टक्के असतं, म्हणजे 60 किलोच्या माणसात 3 किलो. आवरण ताणलं जातं, माथा खाली घसरतो आणि खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली बोट बसेल एवढी खाच लागते. नुसत्या या घसरण्याने दुखेलच असं नाही. पण अशा खांद्याला हिसका बसला की आतले स्नायुबंध दुखावतात आणि मग रात्रीची झोप जाते.

तेव्हा बखोटीला धरून उठवणं आजपासून बंद. दुबळ्या बाजूला उभे राहा. एक तळहात मागून फऱ्यावर, म्हणजे पाठीवरच्या खांद्याच्या पसरट हाडावर, सपाट ठेवा, दुसरा कंबरेवर. रुग्णाचे दोन्ही पाय मागे घ्या, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे येतील इतके. मग त्याला पुढे झुकायला सांगा, नाक पावलांच्या वर येईपर्यंत. माणूस उठू शकत नाही तो बऱ्याचदा ताकद कमी म्हणून नव्हे, पुरेसा पुढे झुकत नाही म्हणून. झुकला की ढुंगण आपसूक उचलतं आणि तुम्हाला फारसं ओढावं लागत नाही. जास्त आधार लागत असेल तर कंबरेला रुंद पट्टा बांधून तो धरा.

झोपवण्याकडे सहसा कुणी बारकाईने पाहत नाही, आणि दिवसातले सर्वात जास्त तास तिथेच जातात. दुबळ्या कुशीवर झोपवताना फऱ्याखाली हात सरकवून फरा पुढे आणायचा, म्हणजे भार फऱ्याच्या सपाट भागावर येतो आणि सांधा चेंगरत नाही. दंड धरून खेचायचं नाही. चांगल्या कुशीवर झोपवलं तर दुबळा हात पुढे, उशीवर, कोपर सैलसर सरळ. मनगट उशीच्या कडेवरून लोंबकळू द्यायचं नाही. पाठीवर असताना खांदा मागे पडतो, म्हणून फऱ्यापासून बोटांपर्यंत पातळ उशी लावायची. ज्याला स्वतःहून वळता येत नाही त्याची कूस साधारण दर 2 तासांनी बदलावी.

बसल्यावर कोपरापासून पुढचा हात टेबलावर किंवा मांडीवरच्या उशीवर हवा. उंची अशी की खांदा वर ढकललाही जात नाही आणि खाली लोंबतही नाही. चाकाच्या खुर्चीत हात बाजूने सुटला तर बोटं चाकात अडकतात. ज्या रुग्णाचं त्या बाजूकडे लक्षच जात नाही, त्याला ते कळतही नाही. गळ्यातली झोळी चालताना आणि उभं राहताना वापरावी, बसल्यावर काढावी. दिवसभर झोळीत राहिलेला हात छातीशी वळलेला, कोपरात दुमडलेला राहतो, आणि पुढे ताठरपणा नेमका त्याच वळणाचा येतो.

हात वर उचलून देण्याच्या व्यायामात सर्वात जास्त घोळ होतो. हात पूर्ण वर, म्हणजे 180 अंश जातो, तेव्हा साधारण 120 अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि 60 अंश फऱ्याच्या फिरण्यातून. शिवाय दंडाचं हाड बाहेरच्या बाजूला वळावं लागतं. लकव्यात फरा जागचा हलत नाही आणि दंड आत वळलेला असतो. अशा अवस्थेत हात उत्साहाने डोक्यावर नेला तर वरच्या हाडाखाली स्नायुबंध चिरडतात. म्हणून आधी फरा हाताने सैल करून पुढे-वर सरकवायचा, अंगठा वरच्या दिशेला वळवायचा, मगच हात उचलायचा. फरा सोबत येत नसेल तर खांद्याच्या रेषेच्या वर जायचं नाही. दारावर कप्पी टांगून चांगल्या हाताने दुबळा हात ओढण्याचा व्यायाम तर करूच नये. त्यात फऱ्याला वेळ मिळत नाही, दंड वळत नाही आणि खांदेदुखी वाढते. हात सुजून चकचकीत झाला, रंग बदलला, गरम लागला, बोटं दुमडताना कळ आली, तर ‘लकव्यात असं होतंच’ म्हणून थांबू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा, कारण हा त्रास सुरुवातीलाच आवरता येतो.

आता बोटं. झटक्यानंतरच्या पहिल्या 2-3 दिवसांत बोटं थोडी तरी सरळ करता येतात का आणि हात अंगापासून बाजूला नेता येतो का, या दोन हालचाली फार काही सांगून जातात. नेदरलँड्समधल्या 2010 च्या अभ्यासात दुसऱ्या दिवशी या दोन्ही हालचाली असलेल्यांपैकी 98 टक्के लोकांच्या हातात 6 महिन्यांनी काही कौशल्य परतलं होतं. दोन्ही नसलेल्यांत हे प्रमाण 25 टक्के होतं. दुसरा आकडा शून्य नाही, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं.

या अभ्यासातली हालचाल बोटं उघडण्याची आहे, मिटण्याची नाही. तरीही रुग्णाच्या हातात सर्वात आधी काय येतं, तर दाबायचा चेंडू. मूठ मिटणारे स्नायू सहसा आधी जागे होतात आणि तेच पुढे ताठ होतात. अडतं ते मूठ सोडण्याशी. ज्याला मूठ उघडता येत नाही, त्याच्या हातातला चेंडू माझ्या मते काढून घ्यावा. त्याऐवजी मनगट टेबलाच्या कडेवर ठेवून पंजा वर उचलणं, टेबलावर सपाट हात ठेवून एकेक बोट उचलणं, पकडलेला रुमाल सोडून देणं, हे सुरू करावं. बोटं अगदीच हलत नसतील तर कोपर ते मनगट या भागाच्या मागच्या बाजूच्या स्नायूंना विद्युत उत्तेजन देऊन पंजा उचलवता येतो. त्या क्षणी रुग्णाने स्वतःही उचलण्याचा प्रयत्न करायचा, नुसतं बघत बसायचं नाही.

किती वेळा करायचं? अमेरिका आणि कॅनडातल्या उपचार केंद्रांत केलेल्या निरीक्षणात एका सत्रात हाताच्या अर्थपूर्ण हालचाली सरासरी 32 भरल्या. प्राण्यांच्या मेंदूत बदल दिसलेल्या प्रयोगांत त्या शेकड्यांनी होत्या. पुढे एका तासात 300 आवृत्त्या माणसांनाही जमतात, हे दिसलं. पण आकडा गाठला म्हणजे हात सुधारलाच, असं नाही. काम किंचित अवघड असावं लागतं. दहापैकी दहादा जमत असेल तर पेला दोन बोटं लांब ठेवा, नाहीतर लहान घ्या. तीनदाही जमत नसेल तर सोपं करा.

मांडणी अशी: पाठ असलेली खुर्ची, कोपराच्या उंचीचं टेबल, पावलं जमिनीवर. तळहाताखाली घडी केलेला टॉवेल ठेवून हात पुढे सरकवायचा आणि परत आणायचा. इथे शरीर एक पळवाट काढतं: कोपर सरळ होण्याऐवजी धड पुढे झुकतं आणि खांदा कानाकडे चढतो. हात पोचल्यासारखा दिसतो, पण कोपर काहीच शिकत नाही. पाठ खुर्चीला टेकलेली राहील हे पाहा, हवं तर छातीवर हलका हात ठेवा. थकल्यावर या पळवाटा वाढतात, म्हणून 20-25 आवृत्त्यांनंतर थोडं थांबा.

मनगट सुमारे 20 अंश आणि बोटं 10 अंश स्वतः उचलता येत असतील तर चांगला हात बांधून ठेवण्याची पद्धत उपयोगी ठरते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी ती रुजवली. चांगल्या हातावर जागेपणीच्या सुमारे 90 टक्के वेळ मऊ हातमोजा घालायचा आणि दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास काम करून घ्यायचं, 2 आठवडे. यात तोल जाण्याचा धोका असतो, म्हणून चालताना, जिन्यावर आणि न्हाणीघरात हातमोजा काढायचा. बोटांत काहीच हालचाल नसेल तर ही पद्धत नुसता छळ ठरते. तिथे आरशाचा व्यायाम करावा. दुबळा हात आरशामागे ठेवायचा, चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत दोन्ही हात सोबत हलवायचा प्रयत्न करायचा.

ताठ मूठ उघडताना बोटांची टोकं खेचू नका. आधी मनगट तळव्याच्या बाजूला वाकवा, की बोटं आपोआप सैल पडतात. मग अंगठा बुडाशी धरून बाहेर घ्या, बोटं उघडा, आणि शेवटी मनगट हळूहळू वर आणा. ताठरपणा अचानक वाढला तर आधी कारण शोधा: लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, रुतणारं नख, घट्ट पट्टी. ताठ स्नायूत देतात ते बोटुलिनम या औषधाचं इंजेक्शन साधारण 3 महिने स्नायू सैल ठेवतं, पण ताकद देत नाही. तो काळ ताणण्यात आणि सरावात घालवला नाही तर हाती फारसं लागत नाही.

काही हात पूर्वीसारखे होत नाहीत. त्यांचीही रोज काळजी घ्यावी लागते: तळवा उघडून धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, नखं कापणं, दिवसातून दोन-तीनदा सावकाश ताणणं. असा हात लिहिताना कागद दाबून धरू शकतो, बाटली अंगाशी धरू शकतो, बाहीतून सहज जाऊ शकतो. कपडे घालताना आधी दुबळा हात बाहीत घाला, काढताना तो शेवटी काढा.