बोनेअरची स्नॉर्केल-नोंद : पिवळ्या दगडांपलीकडचं उथळ पाणी

यंदा मुक्काम बोनेअरला. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला साधारण 80 किलोमीटरवरचं डच बेट, क्षेत्रफळ जेमतेम 288 चौरस किलोमीटर. नेदरलँड्समधल्या आपल्या मंडळींना ते सोपं पडतं, ॲमस्टरडॅमहून थेट विमान आहे. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्यांनी मात्र आधी खर्चाचा हिशेब मांडावा, कारण तिकिटाशिवाय पर्यटकांचा प्रवेश कर 75 डॉलर आणि समुद्रात उतरायची नेचर फी 40 डॉलर. फी डोळ्यांवर येते खरी, पण पाण्यात तोंड घातलं की ती कशासाठी ते कळतं. सागरी उद्यान 1979 पासूनचं. भाल्याने मासेमारीला बंदी त्याच्याही आधीची, 1971 ची. पोपटमासे पकडायला 2010 पासून मनाई. इतक्या वर्षांत इथल्या माशांना माणसाची भीतीच उरलेली नाही, आणि आपल्या स्नॉर्केलिंगच्या छंदाला, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघत राहण्याला, याहून जास्त काय हवं?

दुसरी मोठी सोय म्हणजे बोट लागत नाही. वारा बहुतेक बारा महिने पूर्वेकडून, त्यामुळे पश्चिम किनारा आडोशाला आणि शांत. त्या किनाऱ्याच्या रस्त्यावर जागोजागी पिवळे रंगवलेले दगड, त्यावर जागेचं नाव. गाडी लावायची, फिन्स (पोहताना पायात घालायचे पंख) उचलायच्या, चालत पाण्यात. गाडीत काही ठेवू नका आणि तिला कुलूपही लावू नका, असं इथे सगळेच सांगतात. काच फुटण्यापेक्षा उघडी गाडी बरी.

आता मुद्द्याचं. हवेची टाकी घेऊन खोल जाणाऱ्या स्कूबावाल्यांच्या गप्पा ऐकून प्रत्येक जण इथे एकच ध्यास घेऊन येतो : ड्रॉप-ऑफ. किनाऱ्यापासून थोडं अंतर उथळ सपाटी, मग साधारण 10 मीटर खोलीवरून प्रवाळाचा उतार सुरू होतो. टाकी पाठीवर असलेल्यांना तो उतार ठीक. आपल्याला वरून फक्त निळं धूसर दिसतं आणि पाय मारून दमायला होतं. माझं मत आता पक्कं आहे : स्नॉर्केलसाठी बोनेअर म्हणजे दोन ते चार मीटरचं पाणी. या खेपेला मी वेग निम्मा केला, अंतर त्याहून कमी केलं, आणि नोंदी दुप्पट झाल्या.

सुरुवात ‘ते आमो’ बीचला. विमानतळाला लागून असलेला हा किनारा, डोक्यावरून विमानं जातात, दिसायला अगदीच साधा. बरीच माणसं इथे फक्त विमानांचे फोटो काढतात. वाळूचा तळ, मध्ये मध्ये प्रवाळाचे ढीग. इथे मी बराच वेळ एका जागी नुसती तरंगत राहिले आणि वाळूचा एक तुकडा सरकला. लेपेचा भाऊबंद. अंगावर निळ्या कड्यांची नक्षी, दोन्ही डोळे वरच्या अंगाला, आणि ते स्वतंत्रपणे फिरणारे : एक माझ्याकडे, दुसरा मागे. वाळूवर असताना फिकट, प्रवाळाच्या तुकड्यावर सरकला तसा दोन-तीन सेकंदांत गडद झाला, आणि निळी वर्तुळं एकदम पेटल्यासारखी उठली. पुन्हा वाळू, पुन्हा फिकट. हे सगळं कमरेहून थोड्या जास्त पाण्यात. कासवंही दिसली, पण कासवांबद्दल सगळेच लिहितात.

तिथेच म्हाकुलांची रांग भेटली. ताटात तळलेली म्हाकुलं खाऊन मोठे झालेल्यांना जिवंत म्हाकूल बघणं जरा अवघड जातं, हे आधीच सांगते. चार-पाच जणी एका ओळीत, मोठी एका टोकाला, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. सरळ त्यांच्याकडे पोहत गेलं की रांग तेवढंच अंतर राखून मागे सरकते. युक्ती अशी : त्यांच्याकडे न बघता आडवं, तिरकं सरकायचं, फिन्स जवळजवळ बंद ठेवायच्या. मग त्याच कुतूहलाने जवळ येतात. अंगावर तपकिरी पट्टे येतात-जातात, कधी एका बाजूला एक रंग आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. हात पुढे केलात तर शाई सोडून गायब.

उत्तरेकडे थाउजंड स्टेप्स. नाव हजारांचं, पायऱ्या सत्तरच्या आसपास. परत चढताना मात्र नाव खरं वाटतं. खाली उतरल्यावर पायाखाली कुरकुरणारे पांढरे बोटाएवढे तुकडे लागतील, ते नीट बघा. ती शिंगासारख्या फांद्यांच्या प्रवाळाची हाडं आहेत. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पांढऱ्या पट्ट्याच्या रोगाने ती प्रवाळं संपवली, 1983 मध्ये शेवाळ खाणारे काळे लांब काट्यांचे अर्चिन अख्ख्या कॅरिबियनमध्ये मेले, आणि 1999 मध्ये लेनी हे वादळ चक्क पश्चिमेकडून आलं. एरवी बोनेअर चक्रीवादळांच्या पट्ट्याच्या दक्षिणेला, पण लेनीच्या लाटांनी आडोशाचा किनाराच झोडपला. उथळ पाण्यात काही ठिकाणी ओसाड का वाटतं, त्याचं हे उत्तर. आता नर्सरीत वाढवलेल्या फांद्या पुन्हा लावतात, काही ठिकाणी त्यांची दाट झुडपं झालेली दिसतात. त्यांच्यावरून पोहताना फिन्स वर ठेवा, एका लाथेत काही वर्षांची वाढ जाते.

अर्चिन नाहीत म्हणून शेवाळ आवरायचं काम पोपटमाशांवर आलं, म्हणूनच 2010 ची ती बंदी. कान पाण्यात ठेवून श्वास रोखा, कुणीतरी शेजारी बसून पापड मोडतंय असा आवाज येतो. ते पोपटमासे, प्रवाळावरचं शेवाळ खरवडणारे. आणि थोड्या थोड्या वेळाने मागून पांढऱ्या वाळूचा फवारा. एका मोठ्या पोपटमाशाच्या पाठीला चिकटून एक लांबुडका ट्रम्पेटमासा चालला होता. पोपटमाशाला कुणी घाबरत नाही, म्हणून त्याच्या आडून छोट्या माशांच्या जवळ पोचायचं. पोपटमासा वळला की हाही वळतो. मी त्यांच्या मागे बराच वेळ होते, शिकार साधलेली काही दिसली नाही.

दक्षिणेला सॉल्ट पियर. मिठागरांचं गुलाबी पाणी, पांढरे डोंगर, आणि जहाजांत मीठ भरायचा धक्का. जहाज लागलेलं असेल तर पाण्यात उतरायला बंदी, तेव्हा आधी लांबून बघून घ्या. धक्क्याचे खांब नारिंगी, जांभळ्या स्पंजांनी मढलेले आहेत आणि सावलीत माशांचे थवे. छान आहे, पण गर्दी असते आणि मला ते दुकानाच्या शोकेससारखं वाटलं. त्याहून पुढे रस्त्याकडेला गुलामांच्या झोपड्या आहेत, 1850 च्या सुमाराच्या. मीठ उपसणारी माणसं त्यात झोपायची. आत उभं राहता येत नाही इतकं छप्पर खाली. तिथे थांबा. त्याच पाण्यात आपण मजेने पोहतोय हे माहीत असलेलं बरं.

दक्षिण टोकाला उतरताना लाटेचा अंदाज लागतो. माझी पद्धत : काही मिनिटं नुसतं बघायचं, लाटा गटाने येतात, दोन गटांमधल्या शांततेत कमरेपर्यंत जायचं आणि तिथे फिन्स चढवायच्या. निओप्रीनचे बूट हवेतच. वारा उलटून पश्चिमेकडून येत असेल तर त्या दिवशी लाक बे गाठा, भांडण नको.

लाक बे पूर्वेला, तिवरांचं जंगल आणि उथळ खाडी. तिथल्या सोरोबोन किनाऱ्यावर विंडसर्फिंगवाल्यांची जत्रा. तिवरांच्या मुळांतलं पाणी म्हणजे पिल्लांची बालवाडी : बोटभर बाराकुडा, नखाएवढे पोपटमासे. खाडीच्या तळावर एक बारीक पानांचं समुद्रगवत पसरतंय, ते मूळचं आपल्या हिंदी महासागराच्या बाजूचं. इथल्या रुंद पानांच्या गवताची जागा घेतंय आणि कासवांना आवडतं ते रुंद पानांचंच. लायनफिश हा विषारी काट्यांचा मासाही असाच बाहेरचा, हिंद-प्रशांत महासागरांकडचा, बोनेअरला 2009 मध्ये पहिल्यांदा दिसला.

क्लाइन बोनेअरला एक सकाळ दिली. समोरचं निर्मनुष्य बेट, राजधानी क्रालेंडाइकहून वॉटर टॅक्सी. प्रवाहाच्या वरच्या अंगाला सोडतात आणि आपण वाहत वाहत नो नेम बीचवर येतो. पाय मारायचे नाहीत, म्हणजे माझ्या नव्या धोरणाला अगदी धार्जिणं. सावली नाही, दुकान नाही, पाणी घरून न्या. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा स्विमशर्ट घाला. ऑक्सिबेन्झोन असलेल्या क्रीमला इथे 2021 पासून बंदी आहे.

एक वाईट बातमी नोंदवायला हवी. 2023 मध्ये कठीण प्रवाळांची उती गळून पडणारा रोग इथे पोचला, त्याच वर्षी उष्णतेने प्रवाळं पांढरीही पडली. मेंदूसारख्या वळ्यांच्या प्रवाळावर एका कडेने कोरा पांढरा पट्टा दिसतो, त्यामागे शेवाळलेलं करडं. मी कार्पाता या उतरायच्या जागेजवळ असे पुष्कळ पाहिले. कशालाही हात लावू नका, आणि दुसऱ्या बेटावरून येत असाल तर सामान जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून, धुऊन, वाळवूनच पाण्यात न्या.

डक डाइव्हची (श्वास रोखून, डोकं खाली करून मारायच्या बुडीची) प्रगती : चार मीटरपर्यंत कान आता त्रास देत नाहीत, उतरायच्या आधीच एकदा कानांचा दाब समतोल करून घ्यायची सवय लागली म्हणून. नवरा वर तरंगत लक्ष ठेवतो, एकटीने मी खाली जात नाही.

राहिलेलं काम म्हणजे ऑस्ट्राकॉड. पौर्णिमेनंतर दोन ते पाच दिवसांत, सूर्यास्तानंतर पाऊण तासाने, चंद्र उगवायच्या आधीच्या अंधारात हे कणाएवढे जीव पाण्यात निळ्या ठिपक्यांच्या उभ्या माळा सोडतात. टॉर्च बंद ठेवावा लागतो, म्हणून परतीची वाट किनाऱ्यावरच्या दिव्यावरून धरायची. पुढचं तिकीट पौर्णिमा बघूनच काढणार आहे. कुणी हे उथळ पाण्यातून, टाकीशिवाय बघितलं असेल तर कोणत्या दगडापासून उतरलात तेवढं कळवा.